निळी चमचम

डाव्या कोपऱ्यातली चांदणी उडी मारते की नाही, तेवढंच लीलाला बघायचं होतं. पडद्यावर निळी अक्षरं चमचमत होती, भोवती चांदण्या लुकलुकत होत्या. एक, दोन, तीन... मारली! चांदणी टुणकन बोटभर उजवीकडे सरकली आणि लीलाच्या अंगाची लाही झाली. ही चूक तिची स्वतःची होती, म्हणजे चित्रही तिचंच.

"आत्या, काय झालं?" प्रीतीनं विचारलं. धारवाडात तिच्या कॉलेजात 'जुनं इंटरनेट' नावाचं प्रदर्शन भरलं होतं आणि भाचीनं आत्याला हट्टानं आणलं होतं.

"हे मी केलेलं हाय," लीला म्हणाली.

फेसबुकच्या आधी ऑर्कुटचं वेड होतं तेव्हा लीला धारवाडातच, सप्तापूरच्या एका सायबर कॅफेत काउंटरवर बसायची. पोरंपोरी एकमेकांच्या पानावर चमचमती चित्रं चिकटवायची. अशी चित्रं देणाऱ्या साइटी पैशाला पासरी होत्या. गुड मॉर्निंग होतं, गुलाब होते, मांजरं होती, तेहतीस कोटी देव होते. चौदा एप्रिल जवळ आला तेव्हा लीलानं सगळ्या साइटी पालथ्या घातल्या. 'जय भीम' कुठंच नाही! शब्द टाइप केला की चमचमता करून देणारी सोय होती, पण त्या सोयीला देवनागरी कळत नव्हती, नुसते चौकोन उमटायचे. मग लीलानं पेंटमध्ये ठिपक्याला ठिपका जोडून चार चित्रं काढली आणि ती एकामागून एक फिरवली. तीन दिवस लागले. घाईत तेवढी एक चांदणी सरकली. त्या साली हुबळीपासून बेळगावपर्यंत तिच्या माणसांच्या पानापानावर ते चित्र चमकलं. कुणी केलं, हे कुणी विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं ती डीटीपीच्या दुकानात दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका जुळवत राहिली. तिचं स्वतःचं नाव कशावरच छापलं गेलं नाही.

आणि आता त्याच चांदण्यांच्या मधोमध लिहिलं होतं, 'गुड व्हाइब्स'. खाली पाटी होती, 'कलाकार अज्ञात'.

प्रीतीनं हाक मारली तसा प्रदर्शन भरवणारा अनिकेत धावत आला. पोरगा धारवाडजवळच्या केलगेरीचा, आता बेंगळुरात डिझायनर. "अक्का, खरंच तुम्ही केलंय? आत्ताच्या आत्ता तुमचं नाव लावतो की!"

"नावाचं ऱ्हाऊ दे. माझे शब्द कुठं गेले? हितं जय भीम होतं."

अनिकेतनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "तसं नाही अक्का. सगळ्यांना चालंल असं पाहिजे होतं. समजून घ्या की."

"कुणाला चालत नाही? नाव सांग त्याचं."

अनिकेत नुसता हसला.

"माझा निळा रंग चालतो, माझ्या चांदण्या चालत्यात, माझी चूकसुद्धा चालती. ते दोन शब्दच तेवढे चालंनात होय रे?"

चोर तर चोर, वर शिरजोर म्हणतात. हा शिरजोरही नव्हता. हा गोड होता, आणि गोड माणसाशी धड भांडताही येत नाही, याचाच लीलाला जास्त संताप आला.

प्रीतीला आत्याचं पूर्ण नाव विचारून अनिकेत गेला आणि पाच मिनिटांत नवी पाटी छापून आला. जुन्या पाटीवर त्यानं ती चिकटवली: 'कलाकार: लीला कांबळे, धारवाड'. प्रीती हरखली. "आत्या, उभी ऱ्हा तिथं, फोटो काढते!"

लीलानं आपलं नाव दोनदा वाचलं. अक्षर सुबक होतं.

"आणि शब्द?" तिनं विचारलं.

"आज नको अक्का. पाहुणे येतील आता."

लीलानं पाटीच्या कोपऱ्याला नख लावलं. कागद फाटू नये म्हणून तिनं तो हळूहळू सोलून काढला, गोंदाची बाजू आत घेऊन दुमडला आणि पर्समध्ये ठेवला. प्रीतीनं मोबाइल खाली घेतला.

"अक्का, अहो, हे काय?"

"तुझ्या ह्या चित्राला माझं नाव नको."

खालची 'कलाकार अज्ञात' ही जुनी पाटी पुन्हा उघडी पडली होती. तिची एक कड उचकटली होती. लीलानं ती अंगठ्यानं नीट दाबून बसवली आणि ती जिना उतरू लागली.