अर्ध्या म्हणींची बाई

"सांगतो, पण विश्वास ठेवू नका. आजवर कुणी ठेवलेला नाही," मी म्हणालो. बाकावरची मंडळी आपापली दुखणी विसरून माझ्याकडे वळली.

सरकारी दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीबाहेर आमचा दरबार भरतो. एका टोकाला गुडघेवाल्या मावशी, मधे हात गळ्यात बांधलेला ट्रकड्रायव्हर, मग मी आणि माझ्या शेजारी चाकांच्या खुर्चीत माझी बायको. गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. हातात थोडा जीव आलाय. वाचेबद्दल मी सगळ्यांना सांगतो की तीही आली, घरी नुसता पट्टा चालू असतो, चार माणसांत मात्र नव्या नवरीसारखी लाजते.

"बोलतात म्हणता, मग तुम्हाला गप्प कसं करत नाहीत?" मावशी म्हणाल्या.

"तुमची कीव येते तिला. गुडघे दुखतायत, करमणूक तरी होऊ दे म्हणते."

बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"तर म्हणीबाई," मी सुरू केलं. "वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणारी इथली बाई. खरं नाव दारावरच्या पाटीला ठाऊक. तिची रीत अशी की अर्धी म्हण टाकायची आणि गप्प बसायचं. ती म्हणायची, नवं वाक्य जुळवता आलं नाही तरी लहानपणी पाठ झालेलं जिभेवर आपसूक येतं. 'नाचता येईना…' म्हणायची आणि थांबायची. समोरचा माणूस घाम गाळायचा, ओठ वाकडे करायचा आणि एक दिवस कसाबसा 'अंगण' म्हणायचा. एक रिटायर्ड हेडक्लार्क 'साहेब वाकडा' म्हणाला. बाईनं त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले."

ड्रायव्हर हसला.

"हसू नका. एका मुक्याला तर तिनं असा तयार केला की त्यानं भाषणं ठोकली आणि निवडणूक जिंकली."

"आता काय करतो?"

"निवडून आल्यावर पुन्हा मुका झाला."

मावशी खोकत हसल्या. गोष्ट रुळावर आली होती.

"पण नेमणूक कंत्राटी. पगार कधी यायचा, कधी लोंबकळायचा. त्यात बाजारातला कानाची यंत्रं विकणारा दुकानदार तिच्या मागे लागला. कायमची नोकरी, दुप्पट पगार, वर आईच्या आजारपणाचा विमा. आई डायलिसिसवर. दुकानदार गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात आला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला…"

"गुडघ्यांवर बसला?" मावशींनी कान टवकारले. "मग उठला कसा?"

"त्यालाही तुमच्यासारखंच दोघांनी धरून उठवलं."

"आणि बाई काय म्हणाली?" ड्रायव्हरनं विचारलं.

पुढचं मी रचलेलं नाही. असली वाक्यं मला सुचत नाहीत.

"मला म्हणाली, 'काका, इथं बोलायला शिकवते, तिथं ऐकायला मदत करीन. सेवाच ना दोन्ही?' मी म्हटलं, 'बये, तिथं जे यंत्र महाग ते बहिऱ्याच्या गळ्यात मारायचं. त्याला सेवा म्हणत असशील तर मीही सत्यवादी! आणि हिचं कसं? नुकते कुठं हिचे ओठ हलायला लागलेत.' तर म्हणाली, 'माझ्या आईला काय सांगू, काका? आज एक पेशंट अंगण म्हणाला, तेव्हा तू उद्यापर्यंत कळ काढ?'"

बाकावर कुणी हसलं नाही. व्यायामाच्या खोलीत कुणीतरी कण्हत आकडे मोजत होतं.

"मग?" मावशी म्हणाल्या.

"मग काय! त्याच दुपारी ती हिच्यासमोर येऊन बसली. हिचा लुळा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'आधी पोटोबा…' आणि थांबली."

"पुढचं तर शेंबडं पोरही सांगेल," ड्रायव्हर म्हणाला.

"सांगेल ना. पण बाई वाट बघत बसली. मी तोंड उघडलं तर बोट ओठांवर ठेवून मला दटावलं. आणि काय सांगू! ही ताठ बसली आणि अशी कडाडली, 'मग विठोबा!' की खिडकीतली कबुतरं उडाली, बाजूच्या खोलीत डॉक्टरांच्या हातातलं इंजेक्शन त्यांच्याच मांडीत घुसलं. बाईनं दुकानदाराचं पत्र टराटरा फाडलं. म्हणाली, 'काकू बोलल्या! आता पोटोबा बसेल थांबून!'"

"डॉक्टरांच्या मांडीत!" मावशी डोळे पुसू लागल्या.

ड्रायव्हर मात्र पक्का होता. रोज नाक्यानाक्यावर थापा ऐकणारा माणूस. "असं असेल तर दिसत नाही ती कुठं? मी आल्यापासून खोलीला कुलूप आहे."

"रजेवर आहे हो." मी आवाज चढवला, शेजारच्या खुर्चीत नीट ऐकू जाईल इतका. "आईजवळ राहायला रजा घेतलीय. येतेय पुढच्या आठवड्यात. मला स्वतः म्हणाली, काकूंना म्हणावं, म्हणी घोकून ठेवा, आल्या आल्या परीक्षा घेणार. उगाच का मी हिला रोज…"

शेजारून घोगरा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. वळून बघितलं तर बायकोनं भिंतीवरची नजर काढून माझ्यावर रोखली होती. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, खालचा ओठ थरथरत होता. डाव्या हातानं तिनं माझं मनगट धरलं.

"गे…" ती म्हणाली. तोंडातून लाळ ओघळली. तिनं पुन्हा श्वास घेतला.

"गेली."

मावशींनी टाळी वाजवली. "अगंबाई, खरंच बोलतात की!"

"माफ करा हं काका," ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही फेकताय."

मी खिशातून रुमाल काढला आणि तिची हनुवटी पुसली.