उकळलेली बरणी

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. खांबांना टेकलेले, खोक्यांवर बसलेले, पोरं कडेवर घेतलेले सगळेजण आपापल्या ओंजळीतल्या काचेच्या बरणीकडे डोळे लावून होते.

"पोट म्हणजे देऊळ!" महाराज माइकवर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "गोळ्या खाऊन खाऊन त्यातला जीव तुम्ही मारलात, बाबांनो. या पिंपातलं जिवंत तीर्थ तो परत आणेल. प्रसाद घाला, बरणी ओंजळीत धरा, नाम घ्या. मनात किंतु असेल तर तीर्थ गप्प राहील. ते सगळं ओळखतं!"

सेवेकऱ्यांनी बरण्यांमध्ये चमचा चमचा गोड पूड टाकली. नामाचा घोष चढत गेला. बराच वेळ गेला आणि कुणीतरी किंचाळलं, "आलं! आलं!" बघता बघता बरण्यांच्या तोंडाशी पांढरा फेस दाटला. बायका रडू लागल्या.

काजवालीची बरणी मात्र मुकी राहिली.

काजवाली म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करणारी बाई. सकाळी दिवा लावून पोथीचं पान वाचल्याशिवाय घोटभर पाणी प्यायची नाही. आवाज इतका हळू की सुपरवायझर म्हणायचा, "बाई, तुमच्यापेक्षा तुमची सुई जास्त बोलते." वर्षापूर्वी तिने आपली एक किडनी लेकीला दिली होती. शरीराने ती नाकारू नये म्हणून लेकीला रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्यांनी तिचं पोट पार बिघडलं होतं. पोर वाळून चालली होती. म्हणूनच तर काजवालीने मागच्या आठवड्यात इथून तीर्थ नेलं होतं. उरलेलं आज परत आणून तपासायचं, असा इथला नेम होता.

महाराज तिच्यासमोर येऊन थांबले. माइक तोंडाशीच होता.

"लेकीला किडनी दिलीस. विश्वास मात्र दिला नाहीस!"

गोदामभर हळहळ पसरली. काजवालीला वाटलं, जमीन दुभंगावी. महाराजांनी स्वतःच्या हातातली फेसाळलेली बरणी तिला दिली. "ही ने. रोज सकाळी एक वाटी."

घरी लेक हसली. "आई, तुझी किडनी घेतली, आता महाराजांचं पिंपही पोटात घेऊ?"

"असं बोलू नये गं. डोळे मिटून पी."

आईसाठी ती प्यायली. आठवडा सरायच्या आत तिला हुडहुडी भरून ताप आला.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वेगळं काही पोटात गेलंय का?" काजवालीने पिशवीतून बरणी काढली. बाईंनी ती तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा त्यांनी तिला खुर्ची ओढून दिली.

"हिच्या रक्तात यीस्ट वाढलंय. पाव फुगवतं ना, ते. बरणीतही तेच आहे."

"पण दह्यातसुद्धा जंतू असतात ना, बाई? ते चांगले म्हणतात."

"असतात. आपल्या आतड्यातही असंख्य असतात, पचनाला हातभार लावतात. काही ठरावीक जंतू, ठरावीक दुखण्यात, तपासून दिले तर उपयोगी पडतात. पण हे उघड्या पिंपातलं आंबवण. धडधाकट माणूस कदाचित पचवेल. हिची पहाऱ्याची फौज मात्र आम्हीच गोळ्यांनी झोपवून ठेवलीय, तुमची किडनी टिकावी म्हणून. आतडं आधीच हुळहुळं झालेलं, तिथून ते रक्तात शिरलं."

"पहिल्या बरणीने काही झालं नव्हतं."

"ती कशी दिली होती?"

काजवालीला आता आठवलं. लेकीच्या तोंडी जाणारं पाणी उकळायचं, असं इस्पितळाने बजावलेलं. सवयीने तिने ते पहिलं तीर्थही उकळलं होतं; फेसाळलेलं मात्र महाराजांच्या हातचं म्हणून तसंच दिलं.

"मग त्यातलं सगळं मेलं होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून ते निर्धोक होतं."

आणि म्हणूनच मुकं होतं.

लेक वाचली नाही.

पुढच्या सभेला काजवाली दोन बरण्या घेऊन आली आणि खोक्यावर चढली. कुणी अडवलं नाही. लेकीचं सगळ्यांना कळलं होतं.

"दोन्हींत तुमचंच तीर्थ आहे. ही उकळून निववलीय, ही तशीच. दोन्हींत साखर घातलीय. आधी या उकळलेलीवर नाम घ्या."

गोदामाने नाम घेतलं. बरणी ढिम्म. मग जिच्या तोंडून कुणी कधी 'गाढव' ऐकलं नव्हतं, ती बाई दुसऱ्या बरणीवर ओरडली, "मुडद्या! सटवे! माझं घर खाल्लंस, तुझं वाटोळं होवो!"

ती शिव्या देत राहिली आणि फेस वर येत राहिला. तो तिच्या मनगटावरून ओघळला.

"बाहेर काढा हिला!" महाराज गरजले. सेवेकरी जागचे हलले नाहीत.

"साखर मिळाली, ऊब मिळाली की हे जंतू ती खातात आणि वायू सोडतात. त्याचा हा फेस. त्यांना ना नाम कळतं, ना शिवी. आणि शंका विचारणाऱ्याची बरणी दरवेळी गप्प कशी? त्याची कुठल्या पिंपातून भरता? मागे शेगडीवर दुसरं पिंप कशाला ठेवलंय, जरा बघून या."

दोघं-तिघं मागे गेले. तिथल्या पिंपात तीर्थ खळखळ उकळत होतं. परत आले तेव्हा त्यांनी महाराजांकडे पाहिलं, पण हात जोडले नाहीत.

"मी आजही दिवा लावूनच आलेय," काजवाली तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "देवाने डोकं दिलंय, ते त्याच्या पायाशी ठेवायचं, असल्यांच्या हातात द्यायचं नाही. चमत्कार दाखवला कुणी, तर विचारा, कसा झाला? औषध दिलं, तर विचारा, यात काय आहे, आणि माझ्या माणसाला चालेल का?"

पुढ्यातली एक म्हातारी नातवाला पोटाशी धरून बसली होती. तिच्या बरणीत आता कुठे फेस धरत होता.

"मग याला काय देऊ गं, बाई?"

"ते डॉक्टरांना विचारा, आजी. आजच. मी विचारायला गेले, तेव्हा लेकीचा ताप डोक्यात चढला होता."

म्हातारीने बरणी खाली ठेवली आणि नातवाचे चिकट झालेले हात पदराने पुसले.