शंभर काचा

मे महिन्यात घेतलेल्या शिबिराचा चुनीलाल पाटलांना मोठा अभिमान होता. साल एकसष्ट. हिवताप निर्मूलनाच्या कामावर नव्याने घेतलेल्या चौदा कर्मचाऱ्यांना त्यांनी शहाद्याला बोलावलं आणि शाळेच्या एका वर्गात दहा दिवस शिकवलं. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं. तापाचा माणूस दिसला की त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, मग त्याला चार गोळ्या गिळायला लावायच्या, आणि काच तपासायला खाली पाठवायची. सुई टोचण्याचा सराव सगळ्यांनी एकमेकांच्या बोटांवर केला. शेवटच्या दिवशी पाटलांनी फळ्यावर ठळक अक्षरांत उद्दिष्ट लिहिलं : प्रत्येकी महिन्याला शंभर काचा.

काचा येऊ लागल्या. शिबिराआधी सगळ्या भागातून जेवढ्या यायच्या, त्याच्या तिप्पट. ऑक्टोबरात वरचे डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "पाटील, आता गावांत जाऊन बघा, शिकवलेलं माणसांच्या हातात कितपत उतरलंय. आणि तसा अहवाल द्या."

अहवाल जवळजवळ लिहूनच झाला होता. तेवढ्यात धुडकूने त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. काचा तपासणारा धुडकू पाटलांच्या गावाकडचाच, कामात चोख.

"भाऊ, रायसिंगन्या काचा पाह्यात का?" तो म्हणाला. "पाच महिनामा पाचशे काचा. आन् एकमा बी जंतू नही. अक्राणीना डोंगरमा ताप नही, हाई कसं व्हई?"

"मंग तुले काय वाटस?"

धुडकूने खांदे उडवले. "मी काय सांगू? पन हाई सगळं रगत एकाच मानूसनं बी ऱ्हाई शकस."

रायसिंग पावरा हा धडगावकडच्या, अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यांचा कर्मचारी. सातवी शिकलेला, कमी बोलणारा. शिबिरात दहा दिवसांत त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. तेव्हा पाटलांना तो हुशार वाटला होता. आता तेच गप्प राहणं त्यांना खटकू लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जीपने घाट चढून धडगावला पोचले. रायसिंगने चहा आणून दिला. कप घेताना पाटलांची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. तीन बोटांच्या टोकांवर काळे ठिपके होते. एकाशेजारी एक, कितीतरी.

"हे काय?"

"सुई, साहेब."

"तुझ्याच बोटांना?"

"लोकांना दाखवायला लागतं. आधी मी टोचून घेतो, मग ते बोट पुढे करतात."

उत्तर तयार असल्यासारखं आलं, असं पाटलांना वाटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तो गेल्यावर मात्र त्यांनी कागद काढला आणि डॉक्टरांना गुप्त पत्र लिहिलं : रायसिंग पावरा स्वतःच्या रक्ताच्या काचा पाठवतो, पाचशेपैकी एकही खरी नसावी, त्याला ताबडतोब कामावरून दूर करावं. पाकीट चिकटवून त्यांनी परतणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडे दिलं. आता दोन-चार माणसांचे जबाब मिळाले की झालं.

सकाळी दोघे पायवाटेने निघाले. पहिल्या पाड्यावर टोपीवाला परका माणूस दिसताच बायका आत गेल्या, दारं लागली. आमशा नावाचा म्हातारा तेवढा अंगणात उभा राहिला. तो रायसिंगशी पावरीत बराच वेळ बोलला.

"काय म्हणतो?"

"तुम्ही जंगलखात्याचे का, विचारतो. जमीन मोजायला आलात का."

"एवढंच? इतका वेळ बोलला तो."

"तेच तीनदा विचारलं, साहेब."

पाटलांना ती भाषा येत नव्हती. आपण विचारलेलं रायसिंग तसंच विचारतो का, आणि मिळालेलं उत्तर तसंच सांगतो का, हे कळायला त्यांना मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी खुणेनेच आमशाला हात दाखवायला सांगितलं. म्हाताऱ्याने रायसिंगकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मधल्या बोटावर सुईची खूण होती. शेजारच्या घरातून त्याच्या सुनेनेही दाराच्या फटीतून हात बाहेर काढला. तिच्याही बोटावर खूण.

म्हणजे रायसिंग लोकांचं रक्त घेत होता. मग जंतू कुठे गेले? या सगळ्यांना शिकवून ठेवलं असेल, असाही विचार पाटलांच्या मनात आला, पण तो पहिल्यासारखा ठाम नव्हता.

पुढच्या पाड्यावर रेवाबाईचं घर होतं. आत तिची सून हिराबाई गोधडीखाली कुडकुडत पडली होती. बाहेर ऊन तापलं होतं आणि तिचे दात वाजत होते. रायसिंगने पिशवीतून चार गोळ्या काढल्या, रेवाबाईच्या हातावर ठेवल्या आणि कोळशाने भिंतीवर चार रेघा ओढल्या. मग पिशवी बंद करून उठला.

"काच?" पाटील ओरडलेच. "काच कुठे घेतलीस?"

"चार दिवसांनी घेईन. त्याच्याच या रेघा."

"चार दिवसांनी? ताप उतरल्यावर?"

"हो. बरी झाली की देतात. तापात देत नाहीत." रायसिंग शांतपणे सांगत होता. "इथे म्हणतात, तापाने आधीच रक्त जळतं, वरून आणखी काय घेता. गोळ्यांनी माणूस उठला की मग आनंदाने बोट पुढे करतात. म्हणून मी तेव्हा येतो."

पाटील अंगणातल्या ओंडक्यावर बसले. गोळ्या पोटात गेल्यावर चार दिवसांनी घेतलेल्या रक्तात जंतू सापडणार कसे? पाचशे काचा खऱ्या होत्या आणि पाचशेही निकामी.

"अरे, आधी काच, मग गोळ्या, असं शिकवलं होतं ना मी?"

"एकदा सांगितलंत, साहेब. का ते नाही सांगितलं. आम्ही एकमेकांना टोचलं, तेव्हा ताप कुणालाच नव्हता. आणि फळ्यावर शंभर लिहिलंत. मी शंभर आणत होतो."

पाटील ओंडक्यावरून उठले आणि म्हणाले, "तिला सांग, हिवतापाचा जंतू थंडी-ताप असतो तेव्हा रक्तात सापडतो. गोळी खाल्ली की मरतो, मग दिसत नाही. कुठे कुठे ताप आहे ते आम्हाला कळायचं असेल तर आत्ताच थेंब पाहिजे."

रायसिंग पहिल्यांदाच चकित झालेला दिसला. तो रेवाबाईजवळ बसला. बोलणं लांबलं. म्हातारीने दोनदा मान हलवून नकार दिला, दोनदा पाटलांकडे रोखून पाहिलं. रायसिंगने आपलं बोट टोचून दाखवलं. शेवटी तिनेच सुनेचा हात गोधडीतून बाहेर ओढला.

वाटेवर पाटील थांबले. न सांगता पुढे चालणं त्यांना जमेना.

"रायसिंग, मी काल एक पत्र पाठवलंय. तुझ्या काचा खोट्या आहेत, असं लिहिलंय त्यात."

रायसिंगने पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "मला न विचारता?" तो एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला.

पत्र थांबवायला उशीर झाला होता. पाटील शहाद्याला पोचले त्या दिवशीच बडतर्फीचा हुकूम धडगावला निघाला होता. हिराबाईची काच धुडकूने तपासली. काच जंतूंनी भरलेली होती. ती काच आणि नवा अहवाल घेऊन पाटील डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"शिबिर तुमचं, आणि ते फसलं असं तुम्हीच म्हणता?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "की त्या माणसाने तुम्हाला गुंडाळलं?"

"चूक मी लिहिलेल्या उद्दिष्टात होती, साहेब. मी काचा मोजल्या. काच कधी घेतली, ते कुणालाच विचारलं नाही. बाकीच्या तेराजणांनाही विचारायला हवं."

डॉक्टरांना ते पटायला वेळ लागला. दरम्यान रायसिंगच्या जागी खालच्या सपाटीवरचा एक माणूस गेला. त्याला पाड्यांवर कुणी दार उघडलं नाही, आणि दोन महिने तिथून एकही काच आली नाही. मग रायसिंगला परत बोलावण्याचा हुकूम निघाला. तो पाटलांनी स्वतः धडगावला नेला. या वेळी शिबिर तिथेच, पाड्यावर, तापाच्या माणसांच्या उशाशी घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यात रायसिंगने शिकवावं, अशी त्यांची इच्छा होती.

रायसिंगने हुकूम दोनदा वाचला. शिकवायला तो तयार झाला. त्याने पाठवलेल्या पहिल्या दहा काचांपैकी चारांत जंतू सापडले.

काचांच्या पेटीबरोबर आता एक कागदही येऊ लागला. त्यावर प्रत्येक माणसाचं नाव, पाडा, तापाचा दिवस आणि रक्त घेतल्याची वेळ असायची. खाली रायसिंगच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं असे : मिळाल्याची सही करून एक प्रत परत पाठवावी. चुनीलाल पाटील दर महिन्याला सही करून प्रत पाठवत. रायसिंग ती प्रत तपासून ठेवून देतो, असं ड्रायव्हर सांगायचा.