अंगणातली दगडी बाई

मनकर्णाबाईंनी चपला पायरीशी सरकवल्या आणि शेवंतीची पिशवी छातीशी धरून त्या बुद्धाच्या जुन्या मंदिरात शिरल्या. अंगण कसलं, नुसती दगडी जत्राच! चारही भिंतींवर हत्ती, वाजंत्री, झाडाखाली बसलेल्या बाया. बाईंचा सगळा जन्म दर्यापूरकडे फुलांच्या मळ्यात गेलेला, असं काही त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पण आज खरी परीक्षा लेकीची होती. शहरातल्या जठारपेठेतून आलेल्या वीस पाहुण्यांना दामिनीनं मंदिर नीट दाखवलं, तर तिथले व्यवस्थापक महादेवराव तिला गाईड म्हणून कायमची ठेवणार होते. आईनं मधात एक शब्दही बोलायचा नाही, असं तिनं जीपमध्येच तीनदा बजावलं होतं.

पोरगी काय बोलत होती! बाईंचा ऊर भरून आला. बोलता बोलता दामिनी एका शिल्पापाशी थांबली. एक गुडघा वर करून बसलेली बाई, दोन्ही हात पावलाशी. महादेवरावांनी शिकवलं होतं तसं तिनं सांगितलं, की ही पायातला काटा काढते आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

मनकर्णाबाईंनी डोलावली नाही. काटा काढणारीचं तोंड असं हसरं असतं होय? आणि मांडीवर ते गोल गोल काय?

बोलायचं नाही म्हणजे नाही. पण जीव राहीना. त्या शिल्पाखालीच बसल्या, एक गुडघा वर घेतला, पिशवीतला ओला दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवला आणि शेवंती गुंफू लागल्या.

एकेक पाहुणा वळला. वर दगडातल्या बाईकडे, मग खाली. दामिनीचं वाक्य अर्ध्यात राहिलं. आपण लेकीचं वाटोळं केलं, असं वाटून बाईंनी मान वर केलीच नाही.

महादेवरावांनी चष्मा पुसला, वाकून दगडी अंगठ्याभोवतीची दोऱ्यासारखी बारीक रेघ बोटानं चाचपली.

"तीस वर्षं झाले," ते म्हणाले, "मी लोकायले काटाच सांगून राहिलो."

मग दामिनी हसली, घरी हसते तशी खळखळून.

"ही माही माय," ती पाहुण्यांना म्हणाली. "आता पुढचं हिलेच इचारा."

वीस चेहरे आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर बाईंनी पदर सावरला.

"आंधी दोरा भिजवा लागते," त्या म्हणाल्या. "कोरडा दोरा देठ कापते."

महादेवराव स्वतःच तांब्याभर पाणी आणायला निघाले.