लाईट आली की मरळ लागते

कडाक्याच्या थंडीत मरळ गळाला लागत नाही, हे मी कुणालाही लिहून देईन. म्हणजे आतापर्यंत देत होतो. पाणी गारठलं की ती डोहाच्या तळाशी गाळात जाऊन पडते. समोर बेडूक नाचवा नाहीतर बिर्याणी वाढा, ढुंकून बघत नाही. श्वास घ्यायला तेवढी वर येते, एक बुडबुडा सोडते आणि परत खाली. तरीही ऐन जानेवारीत मी दर रविवारी नगरहून मोटरसायकल हाणत कोल्हारला प्रवरेच्या काठी जातो. बरोबर महागडी काठी, रीळ आणि रबरी बेडूक. माझी बायको हमिदा म्हणते, मासे बाजारात विकत मिळतात. तिला काय सांगणार?

नागापूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचाच मला पगार मिळतो. ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. दूधवाला, मेकॅनिक, सख्खा मेव्हणा, कुणाच्याच बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. आणि बहुतेक वेळा माझंच खरं निघतं, म्हणून सवय आणखी वाढते.

त्या रविवारी सकाळपासून गळ टाकून माझ्या हाती फक्त शेवाळ आलं होतं. आणि पन्नास पावलांवर बसलेल्या राहीबाईनं अकराच्या सुमाराला हातभर लांबीच्या तीन मरळी काढल्या. माझं डोकंच फिरलं. राहीबाई नदीकाठच्या वस्तीतली, साठीची बाई. बांबूची कामठी, नायलॉनची दोरी आणि एक गळ, एवढंच तिचं सामान. मासे धरायचे आणि कोल्हारच्या बाजारात विकायचे, यावर तिचं घर चालतं.

मी जाऊन विचारलं, "कशावर लागली?"

"बारक्या मासळीवर."

"मीही तीच लावून पाहिली. इथंच बऱ्या लागतात?"

"हितं येत्यात," ती म्हणाली. "त्येंना बरं वाटतं आसंल."

हे काय उत्तर झालं? कामगार असं बोलायला लागला की समजावं, काहीतरी लपवतोय.

पुढच्या रविवारी मी काठी नावालाच हातात धरली आणि नजर तिच्यावर ठेवली. साडेदहाला ती उठली, काठ चढून वर गेली. तिथं बाभळीखाली एक लोखंडी पेटी आहे, वरच्या शेतवाल्या आप्पासाहेबांच्या मोटारीचा स्टार्टर. तिनं पेटी उघडली, बटण दाबलं. घुंई करून आवाज सुरू झाला. पेटीतून निघालेली काळी वायर उतारावरून येऊन लव्हाळ्यात गडप झाली होती, आणि लव्हाळ्याच्या अलीकडेच राहीबाईची जागा. ती येऊन बसली. वीस मिनिटांत पहिली मरळ.

त्यानंतरच्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती. राहीबाई दिवसभर बसून रिकाम्या हातानं उठली. त्याच्या पुढच्या आठवड्यात लाईट परत दिवसा आली, आणि तिला चार मरळी मिळाल्या. लाईट असली की मासे, नसली की नाही. आणखी काय हवं होतं?

नदीत करंट सोडून मासे मारणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. मोठ्या मासळीबरोबर बोटाएवढी पिल्लंही उलटी होऊन तरंगतात, एखादं माणूसही जायचं. त्यात ही बाई वर तोंड करून 'बरं वाटतं आसंल' म्हणते! त्या दिवशी मोबाईल मी तयारच ठेवला होता. तिनं बटण दाबलेलं, मग ती खाली आलेली, मग मरळ उपसलेली, सगळं घेतलं. वर माझा आवाज: "बघा मंडळी, थंडीत मरळ कशी लागते बघा. हा पुरावा." मासेमारीच्या आमच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो कोल्हारच्या घराघरांत पोचला होता. शाबासकीचे इतके अंगठे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत मिळाले नव्हते.

पुढच्या वेळी गेलो तर तिची जागा रिकामी. काठावर म्हशी धुणारा बजरंग म्हणाला, "गावातल्या चौघांनी सांगितलं तिला, नदीला दिसायचं न्हाई म्हनून. करंट लावीत हुती ना."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं की मी माझी घडीची खुर्ची उचलली आणि तिच्याच जागेवर मांडली. गळाला बारीक मासळी लावली, टाकली. वर कुणीतरी मोटार चालू केली. पंधरा-वीस मिनिटांनी दोरी ताणली आणि काठी कमानीसारखी वाकली. मरळ! पाठोपाठ दुसरी. मी एकटाच हसत होतो.

"लागली का, परवेझभाई?"

मागं आप्पासाहेब उभे होते. सत्तरीचे, दोन्ही गुडघे गेलेले, मोटार चालू करून काठी टेकत कसेबसे खाली उतरलेले.

"लागली की," मी म्हणालो.

"करंट कसा सोडला?"

माझं हसू तिथंच थांबलं. त्यांनी काठीनं पाण्याकडं दाखवलं. "हात घाला."

मी हात घातला. पाणी कोमट होतं. इकडं कोमट, आणि चार हात पलीकडं बर्फासारखं.

"हिरीचं पानी हाय. थंडीत हिरीचं पानी ऊन आसतं, शेंबड्या पोराला ठावं हाय. लव्हाळ्याच्या मागं माझी हीर हाय, तितंच पाईप फुटलाय. मोटार चालली की हितं झरतंय. गारठलेलं मासं उबंला येत्यात. माझ्यानं रोज हितवर येववत न्हाई म्हनून म्याच राहीबाईला सांगितलं हुतं, लाईट आली की तेवढं बटन दाबत जा. तुमी लव्हाळं वलांडून बघितलं हुतं का, वायर कुटं जाती?"

नव्हतं बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तर पहिल्याच दिवशी मला खरं ते सांगितलं होतं. कारखान्यात पार्ट हातात घेतल्याशिवाय मी कधी रिजेक्ट केला नाही, आणि इथं तिची एकही मरळ उचलून मी तिचं तोंड पाहिलं नाही. गळाच्या मरळीच्या जबड्याला भोक असतं. एका नजरेत कळलं असतं.

मी दुसरा व्हिडिओ केला, माझी चूक झाली म्हणून. तो अकरा जणांनी पाहिला आणि कुणीच पुढं पाठवला नाही. मग धीर करून दोन आठवड्यांनी वस्तीत जाऊन राहीबाईसमोर उभा राहिलो. ती दारात भांडी घासत होती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आप्पासाहेब बोललं गावात," ती म्हणाली. "नदीला बसू देत्यात आता. पन मासं कोन घेतंय, भाऊ? करंटचं म्हनत्यात. दोन बाजार झालं, तशीच घरी आनली."

"पुढच्या बाजाराला मी येतो. मी सांगतो लोकांना."

तिनं पुढचं भांडं घासायला घेतलं. मी तो होकार समजलो.

बाजारच्या दिवशी रजा टाकून गेलो. तिच्यासमोर बादलीत चार मरळी जिवंत, वळवळत होत्या. लोक थांबायचे, तिच्याकडं बघायचे आणि शेजारच्या पाटीकडं सरकायचे. मी घसा मोकळा केला. "या, गळाची मरळ! करंटची नाही, स्वतः तपासून घ्या!" एक पांढऱ्या टोपीवाले गृहस्थ थांबले. मी एक मरळ बादलीतून काढली, घट्ट धरली आणि तिचा जबडा त्यांच्यापुढं केला.

"हे बघा भोक. गळाचं आहे."

त्यांनी वाकून नीट पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, मग राहीबाईकडं.

"भोक काय, मागनं बी पाडता येतंय," ते म्हणाले. "आन तुमी कोन तिचं? तुमाला काय मिळतंय ह्यात?"

त्यांच्या जागी मी असतो तर अगदी हेच, याच क्रमानं विचारलं असतं. ते मान हलवून पुढं गेले. त्यांच्यामागं घुटमळणाऱ्या दोन बायकाही गेल्या.

राहीबाईनं माझ्या हातातली मरळ काढून घेतली आणि बादलीत सोडली.

"भाऊ, तुमी हितं नगा उभं राहू," ती हळूच म्हणाली. "लोक तुमचा आवाज वळखत्यात."

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. बाजार उठेपर्यंत तिच्या बादलीतली एकही मरळ गेली नाही.