वासू मेस्तांची लेक

आबा गेल्याला वर्ष झालं तेव्हा विजयदुर्गच्या भजनी मंडळींनी त्यांच्या आठवणीसाठी एक दुपार ठेवली. आबा म्हणजे माझे वडील, वासुदेव मेस्त. ब्याण्णव वर्षं जगले आणि त्यातली साठ वर्षं त्यांनी बाजाच्या पेट्या बांधल्या. मी त्यांची थोरली मुलगी, मथुरा. लग्न होऊन देवगडला गेले त्याला अडतीस वर्षं झाली. त्या दिवशी सकाळच्या एसटीने माहेरी आले ती मनात विष घेऊनच आले, हे आधीच सांगून टाकते.

विष होतं माझ्या भावजयीबद्दल. धनेशची बायको लक्ष्मी. वाईट बाई नव्हे. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

आबा मुळात साधे सुतार. होड्यांच्या फळ्या बदलायचे. विशीत असताना देवळातली एक मोडकी पेटी कुणीतरी आमच्या पडवीत आणून टाकली. आबांनी ती पूर्ण सुटी केली, सहा महिने तिच्याशी झटले आणि वाजती करून परत दिली. तिथून तोच धंदा झाला. मोडीत काढलेल्या मचव्यांचं, म्हणजे मोठ्या होड्यांचं, सागवान बंदरावरच्या अब्बासभाईंचे वडील त्यांना आणून देत. "खारा पाणी प्यालेला लाकूड सूर धरता," असं आबा म्हणायचे. खरं की खोटं, देव जाणे.

माणूस घरात रमणारा. धनेश पोटात असताना आईला मासळीच्या वासाने उलट्या व्हायच्या, म्हणून आबा मासे साफ करायला बसले, ते पुढे जन्मभर तेच साफ करत राहिले. आई शेवटची चार वर्षं अंथरुणात होती, तेव्हा तिची वेणी रोज आबा घालायचे. जेवताना आम्हा भावंडांना विचारायचे, "आज काय आयकलास?" काय केलंस, असं कधी नाही. मी दिवसभर त्या प्रश्नासाठी आवाज गोळा करायची.

पेटीच्या आत पितळेच्या बारीक पात्या असतात, त्यांनाच सूर म्हणतात. कानशीने पाती टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. केसाएवढं काम. अकरा वर्षांची असताना मी दाराआडून म्हणाले, "आबा, तो उतरलो आसा." आबांनी पुन्हा वाजवून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाती घासली. त्यानंतर दोन वर्षं मी रोज त्यांच्या पाठीमागे बसले. एकदा धीर करून म्हणाले, "माका द्या ना कानस." आबा हसले. "नको गो मथू. तुका दुसऱ्याच्या घराक जावचा आसा. ह्या शिकान काय करतलंस?"

मी गेले दुसऱ्याच्या घरी. आंब्याच्या पेट्या भरायला शिकले.

आणि तेच आबा ऐंशी पार झाल्यावर, हात कापायला लागल्यावर, कानस लक्ष्मीच्या हातात देऊन मोकळे झाले! लक्ष्मीसुद्धा दुसऱ्याच्याच घरी आलेली ना? धनेशला कान नव्हता, तो बोटीवर नोकरीला. लक्ष्मी अकरा वर्षं आबांच्या समोर बसली. मी सणावाराला यायची तेव्हा ती दोघं पेटीवर वाकलेली असायची आणि मी स्वयंपाकघरात, पाहुणी.

त्या दिवशी सकाळी घरात पाऊल टाकलं तर पडवीतली आबांची हत्यारं फडक्यावर ओळीने मांडलेली. कार्यक्रमात ठेवायला म्हणून लक्ष्मीनेच पुसून ठेवली होती. त्यातली ती बारीक कानस, आबांच्या अंगठ्याने मूठ एका बाजूला खोल झिजलेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी ती रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. साठीची बाई मी, आणि छाती अशी धडधडत होती की धनेशने विचारलं, "आक्का, गाडी लागली काय गो?"

दुपारी देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. आबांच्या हातच्या सात पेट्या गावागावांतून आणून ठेवल्या होत्या. भजनी मंडळाचे बुवा बोलायला उभे राहिले. आबांचं सगळं सांगितलं, आईच्या वेणीचंसुद्धा, आणि शेवटी म्हणाले, "मेस्त गेले, पण मेस्तांचो हात गेलो नाय. तो आमच्या लक्ष्मीवयनीकडे आसा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईने मला विचारलं, "तुमी त्यांच्या कोण?"

मग भजन सुरू करायचं तर बुवांच्या पेटीतला एक सूर उतरलेला निघाला. लक्ष्मी लगबगीने मंडपात मांडलेल्या हत्यारांकडे गेली. फडकं उचललं, खाली बघितलं, पुन्हा उचललं. "बारीक कानस खंय गेली? आताच होती मगे!" धनेश घरी धावला, रिकामा परत आला. मी सगळं बघत होते. पर्स मांडीवर होती आणि मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते. आनंदच होत होता मला, खोटं कशाला बोलू.

शेवटी लक्ष्मीने पातीच्या टोकावर ब्लेड हळूहळू फिरवलं, पेटी बंद केली आणि बुवांपुढे सारली. बुवांनी बोटं फिरवली. "वा! झाला काम."

झालं नव्हतं. मला लख्ख ऐकू येत होतं. आणि माझ्या तोंडून, भर मंडपात, निघून गेलं, "उतरलेलो आसा अजून. वरची दुसरी काळी पट्टी."

सगळे वळून बघायला लागले. बुवा कसनुसं हसले. लक्ष्मीने ती पट्टी दाबली. मग खालच्या सप्तकातली तीच पट्टी दाबून दोन्ही एकत्र धरल्या, डोळे मिटले. बराच वेळ भाता हलवत राहिली.

"आक्का सांगतत ता खरा," ती म्हणाली. "माका आयकाक नाय इला. पण इतक्या बारीक कामाक कानसच व्हयी."

आता काय करणार? मी पर्स उघडली. रुमाल सोडला. मंडपात इतकी शांतता की कानस बाहेर काढताना बांगड्या वाजल्या त्या मागच्या ओळीपर्यंत गेल्या असतील. धनेशचं तोंड उघडं पडलं.

"अगो बाय माझे!" लक्ष्मी कपाळावर हात मारून मोठ्याने म्हणाली. "सकाळी मीच दिल्लंय ना आक्कांकडे, पोरांनी हरवू नये म्हणान. विसरानच गेलंय."

लोक हसले. भजन सुरू झालं. आणि मी तिथे बसून जळत राहिले. पहिल्यापेक्षा जास्त. आबांचा हात तिच्याकडे, आबांची माणसं तिच्याकडे, आणि आता चांगुलपणासुद्धा तिच्याचकडे.

भजन आटोपल्यावर घरी चहा टाकायला मी तिच्या मागोमाग गेले. दार लोटलं.

"कित्याक खोटा बोललंस? मी सांगूक नव्हतंय तुका."

लक्ष्मीने आधण ठेवलं. माझ्याकडे पाठ होती. "तुमच्यासाठी नाय बोललंय. आबांच्या दिवसाक तमाशो नको, म्हणान बोललंय." मग वळली, आणि तिचा आवाजच बदलला. "आक्का, अकरा वर्सां मी एकच गजाल आयकलंय. सूर जुळलो नाय की आबा म्हणत, 'मथू असती तर तिका कळला असता.' जुळलो तरी तेच. 'बरो आसा, पण मथूचो कान वेगळो.' मी त्यांची भाकरी थापी, त्यांचा औषधपाणी करी, बोटांका कापलेला त्यांका दाखवी नाय. आणि नाव कोणाचा? तुमचा. तुमी वर्साक दोन दिस येवास आणि ते दाराकडे कान लावून बसत. तुमचो राग किती केलाय मी, तुमका ठाव नाय."

मी खाली पाटावर बसले. हे ऐकून माणसाने निवायला हवं होतं ना? मला आणखीच भडकून आलं. हे सगळं ते हिला सांगत होते! मला एकदा, निदान एकदा, सांगायला काय झालं होतं? माझ्या वाटणीचं कौतुकसुद्धा तिनेच ऐकून घेतलं.

"माका कधी बोलले नाय," मी म्हणाले. रडायचं नाही असं ठरवलं होतं.

"शेवटी शेवटी बोलाचा म्हणत होते. तुमका फोन लावूक सांगत. लावलो की आंब्याचा विचारीत नि ठेवीत."

ते मला आठवत होतं. मोहोर किती आला, फवारणी झाली का. मी म्हणायची, आबा, कामात आहे, संध्याकाळी बोलू.

चहा उतू गेला. दोघी एकदम उठलो. लक्ष्मीने गॅस बंद केला, मी फडकं घेतलं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. पण मी निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "मसुरे गावची एक पेटी इली आसा. खर्जाचे सूर माका दगा देतत. मंगळवारी येशात?"

"बघतंय," मी म्हणाले.

गेले. तेव्हापासून बहुतेक मंगळवारी जाते. ती घासते, मी ऐकते. भांडतो खूप. ती म्हणते जुळला, मी म्हणते नाही, आणि चारातल्या तीन वेळा माझं खरं निघतं. चौथ्या वेळी ती जे हसते ते मला अजिबात आवडत नाही. गिऱ्हाईक दारात येऊन "लक्ष्मीवयनी आसत?" असंच विचारतं, आणि दर वेळी मला लागतं. परवा तिने माझ्या हातात पाती दिली नि म्हणाली, घासून बघा. मी सगळी फुकट घालवली. साठ वर्षांच्या बोटांना आता ते वळण यायचं नाही. लक्ष्मीने दुसरी पाती काढून पुढे ठेवली. तीही मी फुकट घालवली.