चाळीस सेकंदांचा थांबा

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी लिपनोव शहराच्या वाहतूक कचेरीने चार नंबरच्या ट्रामचा 'जुनी बेकरी' हा थांबा काढून टाकला. खांब उपटला, बाकडं उचललं आणि भिंतीवर एक कागद डकवला: या बदलामुळे प्रत्येक फेरीत चाळीस सेकंद वाचतील.

चेस्तमीर क्राउसने तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली तरी या माणसाचा जीव ट्राममध्ये होता. कोणता डबा वळणावर कसा किंचाळतो, हे तो अंथरुणात पडल्या पडल्या सांगे. लोक सुट्टीत समुद्रावर जात. हा लिस्बनला, झाग्रेबला, हेलसिंकीला जाऊन दिवसभर ट्राममधून हिंडे आणि वेळापत्रकं घेऊन परत येई. त्याची बायको जिवंत असेतोवर हसून सांगायची, "लग्नाआधी याने माझ्याबद्दल एकच चौकशी केली होती, घरापासून थांबा किती लांब आहे याची."

त्याच्या वरच्या मजल्यावर द्राहोमीरा राहायची. तिचा खुब्याचा सांधा बदललेला. आता पुढचा थांबा सहाशे मीटरवर, तोही चढावर, आणि रस्त्यावर बर्फ. तिसऱ्याच दिवशी ती घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये घालून आली.

"चाळीस सेकंद म्हणे!" ती म्हणाली. "मला नुसतं उठायलाच दहा मिनिटं लागली. आणि तू कसला रे ट्रामवेडा? गप्प बसलास!"

चेस्तमीर गप्प बसला नव्हता. त्याने अर्ज केला होता. उत्तर तीन ओळींचं आलं: निर्णय अंतिम आहे.

त्या दिवशी दुपारभर तो खिशातलं घड्याळ हातात धरून रस्त्यावर उभा राहिला. थांबा गेला होता, पण तिथला पादचाऱ्यांचा सिग्नल तसाच होता. समोर बालवाडी असल्यामुळे तो कुणी काढूच शकत नव्हतं. बटण दाबलं की नऊ सेकंदांनी ट्रामला लाल दिवा लागे. आणि तो लाल दिवा राहायचा पंचावन्न सेकंद.

संध्याकाळी इमारतीतली सात माणसं द्राहोमीराच्या स्वयंपाकघरात जमली. चेस्तमीरने बेत सांगितला, तेव्हा तिने खसखशीच्या बनांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "खा. आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास."

पुढच्या मंगळवारी सकाळी दारूभट्टीच्या वळणावर ट्राम दिसली. चेस्तमीरचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. आयुष्यात त्याच्यामुळे एकही ट्राम एका क्षणानेही उशिरा गेली नव्हती. धावत आलेल्या माणसासाठी ट्रामवाला थांबला, तरी हा घड्याळ काढून बघायचा.

"दाब की!" द्राहोमीरा खेकसली.

त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला, ट्राम थांबली आणि सात म्हातारी माणसं पिशव्या घेऊन, काठ्या टेकत, हिरव्या दिव्यात रस्ता ओलांडून गेली. आठ मिनिटांनी पुढची ट्राम आली, तेव्हा ती माणसं पुन्हा बटण दाबून परत आली. दिवसभर हेच चाललं. आळीपाळीने, पण एकही ट्राम न चुकवता.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला थांबलेल्या ट्रामची चालक इवेता खिडकी उघडून ओरडली, "काका, शेवटच्या थांब्यावर मला कॉफी प्यायलाही वेळ उरत नाही! तुम्हीच असं करायचं?"

चेस्तमीरच्या जिव्हारी लागलं. तो खिडकीखाली गेला. "पोरी, तुझं खरं आहे. माझ्या मनाला हे मुळीच पटत नाहीये. पण ज्या ट्राममध्ये या बाईला चढता येत नाही, ती वेळेवर पोचली काय नि न पोचली काय!"

इवेताने द्राहोमीराच्या प्लास्टरकडे पाहिलं. "मग उशिराच्या रोजच्या तक्त्यात मी कारण खरंखुरं लिहिते," ती म्हणाली. "लाल दिवा, जुनी बेकरी. इतर चालकांनाही सांगते."

आठवड्याभरात तो तक्ता त्याच एका कारणाने भरला, आणि कचेरीतून इंजिनिअर होलुब पोलीस शिपायाला घेऊन आले. त्यांचे कान थंडीने लाल झाले होते की रागाने, कळत नव्हतं.

"हे तुम्ही मुद्दाम करताय!"

"रस्ता मुद्दामच ओलांडतात, साहेब," चेस्तमीर म्हणाला. "चुकून कोण ओलांडतं?"

"दिवसातून शंभर वेळा?"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," द्राहोमीरा म्हणाली.

शिपायाने ओठ दाबून हसू आवरलं. "साहेब, हिरव्या दिव्यात चाललेत. मी कोणत्या कलमाखाली धरू यांना?"

होलुबनी मग पिशवीतून कागद काढला. नुसती सही करा, पुन्हा अडथळा आणणार नाही म्हणून. थांब्याचं नंतर बघू.

"आधी थांबा," चेस्तमीर म्हणाला.

"आधी सही."

"मग माझं हे बोट आणि तुमचं हे बटण! तुमचे चाळीस सेकंद वाचतात, आमच्यामुळे पंचावन्न जातात. पहिलीतल्या पोराला विचारा, कोण बुडतंय ते." तेवढ्यात वळणावर ट्राम दिसली. त्याने साहेबांच्या नाकासमोर बटण दाबलं. या वेळी बोट अडखळलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कामगार आले आणि त्यांनी नवा खांब रोवला. कचेरीच्या पत्रात 'तांत्रिक फेरविचार' एवढंच होतं. म्हाताऱ्यांचा उल्लेख नव्हता. थांबाही अर्धाच मिळाला. हात दाखवला तरच ट्राम थांबणार होती, आणि रविवारी मुळीच नाही. बाकडं आलंच नाही. चेस्तमीरने कुठेही सही केली नाही.

पहिल्या सकाळी द्राहोमीराने प्लास्टर निघालेला हात उंच केला आणि इवेताने ट्राम तिच्या पायांपाशी आणून उभी केली. चेस्तमीर मागोमाग चढला आणि खिडकीशी बसला.

"रविवारचं काय करायचं?" द्राहोमीराने विचारलं.

"रविवारी बालवाडी बंद असते, तरी सिग्नल चालू असतो," तो म्हणाला. "मी बघून आलोय."